तुम्ही तर जग पाहिलंत!

जुन्या वस्तू साठल्या की माळ्यावर टाकता येतात. किस्स्यांचं तसं नाही. ते साठत जातात, आणि सोबतचं माणूस गेलं की जास्तच गलका करायला लागतात. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. अजून शिवाजी पेठेत कुणाच्या बारशाला गेले की एखादी तरी म्हणतेच, "काकी, तुमचं काय बाई! तुम्ही तर जग पाहिलंत!"

पाहिलं की! बसा, सांगते.

*

यांची फौंड्री होती. मशिनं बघायला, गिऱ्हाइकं गाठायला हे परदेशी जायचे. पहिल्यांदा जर्मनीला निघालो तेव्हा हे तालमीत सगळ्यांना सांगून आले, "मंडळींना जग दाखवून आणतो!"

माझ्या बॅगेत दोन साड्या होत्या. बाकी सगळं शाळूचं पीठ, कांदा-लसूण चटणी, तवा आणि विजेची शेगडी. यांना तिथलं जेवण चालत नव्हतं ना!

एका म्हातारीच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. मी टेबलावर भाकरी थापायला घेतली. धप्, धप्, धप्! तेवढ्यात दार वाजलं. म्हातारी धापा टाकत वर आलेली. यांना बाजूला सारून तिनं थेट माझ्याकडं बघितलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हा तुला मारतो का?"

हे खो खो हसले. "नो, नो! ब्रेड! ब्रेड!"

पुढं कित्येक वर्षं यांनी हा किस्सा कोल्हापूरभर सांगितला. माणसं पोट धरून हसायची. म्हातारीनं प्रश्न मला विचारला होता, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

*

चालताना हे कायम माझ्या पुढं. लंडनला जमिनीखालच्या रेल्वेत झपाझप चढले, दारं बंद झाली आणि मी फलाटावर! हॉटेलचं नाव मला ठाऊक नाही. पासपोर्टसुद्धा यांच्याच खिशात. बाकावर बसून राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. एका अनोळखी बाईनं बिस्कीट पुढं केलं, तेव्हा मात्र रडू फुटलं.

दुपार टळल्यावर हे आले.

"अहो, होता कुठं?"

"मीटिंगला! म्हटलं, आधी मीटिंग उरकू. तू कुठं जाणार हायस?"

*

फोटोंचे तीन अल्बम आहेत. कॅमेरा कायम माझ्या हातात. कोडोलीहून माझी धाकटी बहीण आली होती. तिनं तिन्ही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले आणि हळूच विचारलं, "अक्का, तू गेली न्हवतीस व्हय?"

*

लग्नाआधी मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. यांचं इंग्रजी भाव ठरवण्यापुरतं. म्हणून परदेशात मला ताकीद होती, "चार लोकांत तोंड उघडायचं न्हाय. लोक म्हणतील, बायकूला येतंय आन् मालकाला येत न्हाय."

एका कंपनीनं आम्हाला जेवायला बोलावलं. तिथल्या साहेबानं जेवताना एक विनोद सांगितला. चांगला होता, मला हसू आलं. यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग हेही हसले. जोरात.

खोलीवर आल्यावर टाय सोडता सोडता म्हणाले, "परत माझ्या आधी हसू नकोस."

त्यानंतर जेवढे देश झाले, तेवढ्यांत मी यांच्या तोंडाकडं बघून हसले.

*

शेवटच्या फेरीत, इंग्लंडातच, यांचा आवाज बसला. डॉक्टरकडं गेलो. त्यानं घसा तपासला आणि भरभर काहीतरी सांगितलं. यांना ओ की ठो कळलं नाही. मग उभ्या जन्मात पहिल्यांदा यांनी मला खूण केली. बोल त्याच्याशी!

मी बोलले. डॉक्टर म्हणाला, "काळजीचं काही नाही, साधी सर्दी आहे. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू द्या. दोन दिवसांत गायला लागतील!"

मी यांच्याकडं वळले.

"अहो, डॉक्टर म्हणतायत, घरी पोचेपर्यंत एक शब्दसुद्धा बोलायचा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल."

यांचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळं मीच बोलले. तिथल्या साहेबानं खुर्ची माझ्यासाठी ओढली. हे शेजारी बसून मान डोलवत होते. संध्याकाळी मला हवं ते जेवण मागवलं. एक दिवस टॅक्सीवाल्याला सांगून नदीकाठी गाडी थांबवली आणि मन भरेपर्यंत बसले. हे बाजूला, गळ्याला मफलर गुंडाळून, ओठ घट्ट मिटून.

मुंबईला विमान उतरलं. यांनी माझा पदर ओढला. घशावर बोट ठेवलं, भुवया वर केल्या. आता बोलू का?

मी म्हटलं, "अजून न्हाय. कोल्हापूर लांब हाय."