अर्धं केळं

माफी मागून सुरुवात करतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. आमचं काम मिठागरावर मीठ ओढायचं. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे माझं चुकलं तर सांगणारं घरात कोणी नाही, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

त्या वर्षी इंटरचा, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा, निकाल लांबला होता. पास झालो तर पुढे कॉलेज, नाहीतर मिठागर, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. अशात गुरुपौर्णिमा आली. पनवेलच्या मठात महाराजांच्या पूजेला निघताना बाबांनी ताटाकडे बघत विचारलं, "पोरा, तू शिकलेला हाइस. यो सगला कशापायी वाहायचा रं?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी अर्थ विचारत होतं! (कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचो.)

"फूल म्हणजे आपलं मन," मी घसा खाकरला. "नारळ म्हणजे आपला अहंकार."

"मंग ह्यो बारका कशाला घेतला?" बाबांनी माझ्याकडे एकवार बघितलं आणि आतून मोठा नारळ आणून ठेवला.

मी तरी तिथे थांबावं! "आणि हे केळं म्हणजे आपल्या कर्माचं फळ. ते गुरूला देऊन मोकळं व्हायचं. आपल्याकडे ठेवायचं नाही."

"म्हंजे पोराचा रिझल्ट?" आई किंचाळली.

"तसं नव्हे गं आई, ते प्रतीक..."

"वरीसभर दिव्याखाली डोलं फोडलंस तू, आनि फल म्हाराजांना? त्यांना कोनची परीक्षा द्यायची हाय?"

मठापर्यंत वाद पुरला. रांगेत आमच्या मागे वाण्याचा मधू होता. तोही माझ्याबरोबरच इंटरला बसलेला. बाबांनी ताट महाराजांच्या पायाशी ठेवलं, पण आई केळं सोडेना!

"अगो, सोड ना! लोकं बगतान!"

"बगू दे!"

महाराज हसले. "बाई, द्यायला आणलेलं धरून ठेवू नये."

आईचा हात ढिला झाला. महाराजांनी केळं उचललं, कपाळाला लावलं आणि प्रसाद म्हणून मागच्या मधूच्या हातात दिलं.

"आवं म्हाराज! त्यो आमचा रिझल्ट हाय!" आई ओरडली.

भजन थांबलं. मधूला काहीच कळेना. तो सरळ केळं सोलू लागला. तोंडाजवळ नेणार, एवढ्यात आईने झेप घेतली. तिच्या हाताला अर्धंच लागलं; उरलेलं मधूच्या तोंडात गेलं. "खा!" ती मला म्हणाली. भरल्या मठात, मान खाली घालून, मी ते खाल्लं.

"हा काय प्रकार?" महाराजांनी विचारलं.

"पोरानं अर्थ सांगला, म्हाराज," बाबा अभिमानाने म्हणाले.

महाराजांनी मला न्याहाळलं, मग ताटातला नारळ. "नारळ मात्र अगदी मापाचा आणलात!"

अखेर निकालाची बातमी आली. मधू निम्म्या विषयांत पास. मीही निम्म्याच.

"बग!" आई म्हणाली. "आख्खा वढाला पायजे हुता!"

मी मिठागराची फावडी शोधू लागलो. पण बाबांनी पाठीवर हात ठेवला. "र्‍हाव दे. तू सांगला त्यो अर्थ अक्षी खरा निघाला. असा डोका मिठात घालाचा नाय. बस परत परीक्षेला! पन सगल्यात वाईट गेलास कशात?"

"बाबा," मी म्हणालो, "तर्कशास्त्रात."