यांना सुशीला आठवते, मी नाही

मैत्रिणींनो, या वयात आज मला शेजारणीचा हेवा वाटला. लाज वाटते, पण सांगतेच.

आमच्या यांना अल्झायमर आहे. जेवण, अंघोळ, औषधं सगळं मीच करते, पण मला ते "बाई" म्हणतात. घरात कामाला ठेवलेली कोणीतरी समजतात.

आज दुपारी शेजारची सुशीला खंजिरी घेऊन आली. ती आणि हे पूर्वी बाभुळगावच्या भजनी मंडळात सोबत गायचे. तिनं सूर लावला आणि यांचा चेहराच उजळला. अख्खं भजन म्हटलं. ती एक ओळ चुकली, तर हसून दुरुस्त केली!

मग मला म्हणाले, "बाई, सुशीलाले चहा द्या."

तिचं नाव आठवतं! माझा नुसता जळफळाट झाला. चहा ठेवता ठेवता मीही तेच भजन म्हणू लागले, रडत आणि बेसूर. हे उठून स्वयंपाकघरात आले.

"ताल सुटून राह्यला बाई," म्हणाले आणि माझा हात धरून त्यावर ठेका देऊ लागले. किती दिवसांनी आपणहून हात धरला!

सुशीलाला मी उद्याही बोलावलंय. हेवा मात्र गेलेला नाही. तुम्ही असता तर बोलावलं असतं का?