हीरो कमी करा!

माझ्या पहिल्या आणि शेवटच्या म्युझिक व्हिडिओचा हीरो मी होतो. (हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण व्हिडिओ बघून ते कळत नाही.)

तेव्हा मी लालबागच्या चाळीत राहायचो आणि दादरला कॉलेजात शिकायचो. तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, वर्गाला दाखवायचा, त्यांच्या सूचना घेऊन सुधारायचा, मगच मार्क! मी काळा गॉगल लावून चाळीच्या गच्चीवर उदास उभा राहिलो. गाणं माझं, चाल माझी, विरहही माझाच. कॅमेरा वर्गातल्या मंजिरीकडे होता आणि हा सगळा खटाटोप तिच्यावरच छाप पाडण्यासाठी होता.

व्हिडिओ बघून वर्गाने दिलेल्या सूचनांच्या निनावी चिठ्ठ्या मी घरी आणून गुपचूप कपाटाखाली सरकवल्या. त्या नेमक्या बाबांना सापडल्या! बाबा गिरणी संपातले पुढारी. संप फसला, गिरणी गेली, आवाज मात्र शाबूत होता.

"मागण्या दडवतोस?"

"मागण्या नाहीत हो बाबा, सूचना आहेत. एखादी घ्यायची, बाकीच्या सोडून द्यायच्या."

"मालकपण अस्संच म्हणायचे!"

आणि त्यांनी गॅलरीत उभं राहून वाचायलाच घेतलं. "मागणी पहिली, हीरो कमी करा! दुसरी, गच्ची ओसाड वाटते, माणसं दाखवा! तिसरी, खरं घर दिसू दे! चौथी, नाच पाहिजे!"

अख्ख्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. पहिल्या मागणीचं अक्षर मंजिरीचं होतं.

रविवारी मंजिरी कॅमेरा घेऊन आली, तर बाबा गच्चीच्या दारात चटई टाकून बसलेले आणि त्यांच्यामागे सगळे शेजारी. मला चक्क घेराव!

"गॉगल उतरव!" उतरवला.

"पहिलं कडवं सोड!" सोडलं.

"बाबा, निदान दुसरं तरी..."

"वाटाघाटी बंद!"

खरं घर दिसावं म्हणून आईने गच्चीवर स्टोव्ह आणला आणि बोंबील तळायला घेतले. त्या धुरात मी दिसेनासा झालो. "मी खंय उभो रवू रे?" असं विचारत शेजारचे सावंतकाका बरोब्बर माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि माझ्या विरहावर सगळ्या मजल्याने बाल्या नाच धरला!

"मंजिरी, मी दिसतोय ना?" मी खोकत ओरडलो.

"जरा बाजूला हो ना रे, काका झाकले जातायत!"

संध्याकाळी मी बाबांवर भडकलो. "माझा व्हिडिओ होता तो!"

बाबा चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "आमच्या मागण्या कोणी वाचल्यापण नाहीत रे. म्हटलं, एकदा तरी सगळ्या मान्य झालेल्या बघू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बसून माझे उरलेसुरले शॉट मी माझ्याच हाताने कापले.

व्हिडिओवर वर्गात शिट्ट्या पडल्या. पैकीच्या पैकी मार्क! मी त्यात उरलो होतो तो फक्त कोपरापुरता, सावंतकाकांकडे बोंबलाची ताटली सरकवताना. पुन्हा चिठ्ठ्या आल्या. मंजिरीचं अक्षर मी लगेच ओळखलं.

"कोपराचं काम फार सहज झालंय. आधीच्या हीरोपेक्षा कितीतरी बरं!"