पेटीवाल्याने केलेली मुकी मांडणी

स्टिरिओसाठी रॅक करून घ्यायचा तर सुताराकडे जावं, एवढी अक्कल आमच्या अंबरपेठेत कुणालाही आहे. मी पेटीवाल्याकडे गेलो. पेटीवाला म्हणजे हार्मोनियम बनवणारा आणि दुरुस्त करणारा. माझं म्हणणं असं की लाकूड सुतारालाही कळतं, पण लाकूड आणि आवाज दोन्ही ज्याला कळतात असा माणूस या कामाला हवा. हा विचार सुचला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला शाळेत फोन करून तो सांगितला. ती म्हणाली, वर्ग चालू आहे, आणि फोन ठेवून दिला.

त्याआधी माझा अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर मुलीच्या जुन्या कॉम्प्युटर टेबलावर नांदत होते. घरात कुणी जरा जोरात चाललं की रेकॉर्डवरची सुई उडी मारायची. मी तीन महिने इंटरनेटवर वाचन केलं. रॅकबद्दल तिथे लोक ज्या पोटतिडकीने बोलतात, तितक्या पोटतिडकीने आमच्या कॉलेजात पगारवाढीबद्दलही कुणी बोलत नाही. सगळ्याचं सार एवढंच, की रॅकने स्वतः काही बोलू नये. त्याच्यात कंप शिरला तर तो तिथेच जिरावा.

एक गोष्ट आताच सांगून टाकतो, पुढे सांगायचा धीर होणार नाही. मी जामबागेतल्या एका कॉलेजात गेली बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो.

पेटीवाल्यांचं दुकान चिक्कडपल्लीत, एका गल्लीच्या तोंडाशी. त्यांना सगळे चाचा म्हणतात. सत्तरी कधीच ओलांडलेली, बोटं मात्र बासरीवाल्यासारखी लांब आणि सडसडीत. शेजारी त्यांची मुलगी, चाळिशीची, भात्याचं चामडं शिवत बसलेली. मी माझं व्याख्यान दिलं. चाचा डावा कान पुढे करून ऐकत होते. संपल्यावर ते हसले.

"प्रोफेसर साब, जिंदगी भर मैं लकडी कू बोलना सिखाया. आप बोल रए, उसकू गूंगा करो."

मी हो म्हणालो. त्यांनी कोपऱ्यातलं रिकामं मडकं पुढे ओढलं आणि बोटाच्या पेराने त्याच्यावर टिचकी मारली. मडकं छान गोल आवाजात बोललं. समोर कुणाच्या घराचं बांधकाम चालू होतं. मुलीला त्यांनी तिथून घमेलंभर वाळू आणायला लावली, ती मडक्यात ओतली आणि परत टिचकी मारली. काही नाही. म्हणजे 'टक्' झालं, पण तेही शेजाऱ्याच्या घरात झाल्यासारखं. मी स्वतः तीनदा वाजवून पाहिलं. मडकं बोलायचं विसरून गेलं होतं. जे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, ते त्या दिवशी माझ्या बोटाच्या पेरात शिरलं. मला तिथून उठवेना.

चाचांनी जुन्या बिलाच्या पाठीवर आकृती काढली. पोकळ पाय चार, त्यांत चाळलेली वाळू. प्रत्येक फळी दोन पातळ फळ्यांची, मध्ये चामड्याचा थर. एकही खिळा नाही. असलं काही ते पहिल्यांदाच करत होते, आणि काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मला वाटलं, सुताराकडे न जाण्याइतका शहाणपणा आपण आयुष्यात कधी केला नव्हता.

ते लाकूड बघायला आत गेले तेव्हा मुलीने सुई थांबवली आणि हळू आवाजात मला सांगितलं की अब्बांचा कान गेलाय. दोन गवयांनी सूर लावून घेतलेल्या पेट्या परत आणल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून कानात घालायचं यंत्र दिलं, ते गल्ल्यात पडून आहे, कारण त्यातून तंबोरा मिक्सरसारखा ऐकू येतो असं अब्बांचं म्हणणं. तेव्हापासून सुराचं काम घेऊन कुणी आलं की ती बाहेरच्या बाहेर परत पाठवते. अब्बांना वाटतं, हल्ली कुणी येतच नाही. महिन्याच्या शेवटी ती सगळे रीड, म्हणजे पेटीच्या आत वाजणाऱ्या त्या पितळी जिभा, एका व्यापाऱ्याला देऊन टाकणार होती. मग पेटीचं काम कायमचं बंद. तुमच्या कामाला कान लागत नाही, ती म्हणाली, म्हणून अब्बा खूश आहेत. काम झालं की फक्त चांगलं झालं म्हणून सांगा. मी शब्द दिला.

तीन आठवड्यांनी रॅक आला. चार माणसांनी उचलला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने आणला, कारण लिफ्टने नकार दिला. त्याला भिंत हवी म्हणून मी हॉलमधलं काचेचं शोकेस पलीकडच्या बोळकांडीत ढकललं, आतून बाहेरून पुसलं, आणि नव्या रॅकसमोर उभा राहिलो. सांधा कुठे आहे ते नखालाही लागत नव्हतं. हात ठेवला तर झाडाच्या बुंध्यावर ठेवल्यासारखं वाटावं. मी रेकॉर्ड लावली आणि रॅकसमोर उड्या मारल्या. माझं वजन शहाऐंशी किलो आहे. सुई हलली नाही. हलले ते खालच्या मजल्यावरचे रेड्डी काका. ते वर येऊन विचारून गेले, सर, तब्येत बरी आहे ना?

पण गाणं असं मी पूर्वी ऐकलंच नव्हतं. दोन सुरांच्या मधली शांतता ऐकू येत होती. गायकाने श्वास घेतला तो कळत होता. मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून म्हटलं, ऐक, तो श्वास घेतोय. ती म्हणाली, घेणारच.

तिसऱ्या दिवशी घर्रर्र आलं. एका पुरुष गायकाच्या रेकॉर्डवर, खालच्या एका लांब सुरावर. तो सूर संपला की तेही संपायचं. इतर कुठल्या सुरावर नाही, फक्त त्याच. मी रॅकवर संशय घेतला, कारण घरात नवीन तोच होता. त्याच्या पायाखाली टेनिसचे चेंडू अर्धे कापून घातले. ते काढून संगमरवराचे तुकडे घातले. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतली बुचं. फळ्यांवर तळवा ठेवून तासन्‌तास बसलो. बायको जाता-येता बघायची. शेवटी म्हणाली, "अहो, त्याला ताप आलाय का? सारखा हात लावून बघताय."

आणि मग मी ते केलं जे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दुकानात फोन केला. मुलीने उचलला. मी वर्गात बोलतो त्या खणखणीत आवाजात सांगितलं की रॅक एका सुरावर गुणगुणतोय, सांधा कुठेतरी सैल राहिलाय, आणि चाचांना ते कानाने कळलं नसणार. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचं खाकरणं ऐकू आलं. तिचे दोन्ही हात शिवणात होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला होता.

"कल आतूं मैं," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला दोघं रिक्षाने आले. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, परीक्षेला निघाल्यासारखा. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. बायकोने चहा आणून ठेवला, त्याला कुणी हात लावला नाही. मला मनातून वाटत होतं, देवा, तो आवाज आज येऊ नये. मी रेकॉर्ड लावली. तो सूर आला, आणि घर्रर्र स्वच्छ आलं.

चाचा मुलीला म्हणाले, "आया?"

म्हणजे त्यांना ते ऐकू आलंच नव्हतं. मुलीने मान खाली घातली. माझी बायको माझ्याकडे बघत होती आणि मी सतरंजीची वीण मोजत होतो. चाचांना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली आणि मुलीला म्हणाले, जिथे येईल तिथे बोट वर कर. तिचं बोट वर गेलं. ते डोळे मिटून होते, पण बोट वर गेलं त्या क्षणी त्यांनी उघडले. "सफेद दो," ते पुटपुटले, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी. "नीचे की."

मग त्यांनी सगळं बंद करायला लावलं. प्लगसुद्धा काढायला लावला. मी प्लग हातात धरून उभा. चाचा हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि तो सूर त्यांनी स्वतः गायला सुरुवात केली. आवाज कापरा होता, पण सूर असा सरळ की ताणून धरलेली दोरी. काही झालं नाही. मग त्यांनी तो केसभर वर नेला. मुलीचं बोट वर गेलं.

घर्रर्र. स्टिरिओचा प्लग माझ्या हातात, आणि घर्रर्र.

चाचांनी श्वास घेतला, आणि पुन्हा नेमका तोच सूर उचलला, तसूभरही इकडे तिकडे नाही. गाताना त्यांनी रॅकवर तळवा ठेवला, मान हलवली आणि पुढे निघाले. मुलगी त्यांच्यासोबत, एक हात त्यांच्या कोपराखाली, दुसऱ्या हाताचं बोट दिशा दाखवत. ती ऐकत होती, ते गात होते. श्वास संपायचा, ते थांबायचे, पुन्हा तोच सूर घ्यायचे आणि दोन पावलं टाकायचे. दोघं मिळून हॉलचं दार ओलांडून बोळकांडीत गेली आणि शोकेससमोर थांबली. चाचांनी गाता गाता एक बोट काचेवर टेकवलं. आवाज बंद. बोट उचललं. आवाज सुरू. टेकवलं, उचललं, पट्टी दाबून बघावी तसं.

मी दरवर्षी वर्गात दोन नादकाटे मांडतो. एक वाजवतो आणि दुसरा न वाजवता कसा वाजू लागतो ते दाखवतो. पोरं तोंडाचा आ करतात. त्या दिवशी बोळकांडीत आ करून मी उभा होतो. इतके दिवस रॅकवरून मान वळवून एकदाही पाठीमागे पाहिलं नव्हतं.

बायकोने शोकेसची काच सरकवली आणि खाचेत बोट घालून चाचपलं. "इथे मी कागदाची घडी घालून ठेवली होती," ती म्हणाली, "काच हलू नये म्हणून. वर्षानुवर्षं होती. कुठे गेली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लगकडे पाहिलं. शोकेस पुसताना कचरा म्हणून मी ती काढून फेकली होती.

तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडून घडी केली आणि खाचेत ठोसली. चाचा पुन्हा गायले. नुसता त्यांचाच आवाज.

हॉलमध्ये येऊन ते बसले, दमले होते. मी क्षमा मागायला तोंड उघडलं.

"प्रोफेसर साब," ते म्हणाले, "रॅक तो बोलता नहीं. आप भौत बोलते."

बायको इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मुलगीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम वेगळा झाला. चाचा तिच्याकडे वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "पतली आवाजां मेरेकू नहीं आते, मालूम है. तेरेकू आते. रीडां बेच नक्को."

तिने विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी सांगितलं की रीड सप्तकवार कागदात बांधून वर चिकटपट्टी मारलेली त्यांनी पाहिली होती. रोज वापरायच्या वस्तूला कुणी चिकटपट्टी मारत नाही. समोरचा थंड चहा तिने एका दमात पिऊन टाकला, आणि मग त्यांचाही.

महिनाभराने कॉलेजातून येताना मी चिक्कडपल्लीत उतरलो. दुकानात एक पेटी उघडी पडली होती, आतल्या जिभा दिसत होत्या. सगळ्यात वरच्या सप्तकाचं काम चाललं होतं, चाचांना न ऐकू येणाऱ्या सुरांचं. मुलगी दोन सूर एकत्र धरायची. ते जुळलेले नसले की त्यांच्यात लाटा उठतात, आणि त्या लाटा ती ऐकायची आणि हवेत हाताने दाखवायची, भरभर किंवा सावकाश. चाचा फक्त तिच्या हाताकडे बघत होते. रीडच्या टोकाला सुरीने जरा खरवडायचे, की तिचा हात मंदावायचा. फार झालं असेल तर बुडाशी खरवडायचे. हात आणखी मंदावायचा. मी कितीतरी वेळ पायरीवर उभा होतो. कुणी मला बस म्हटलं नाही, आणि मीही, आश्चर्य म्हणजे, काही बोललो नाही.

मग चाचांनी मान न वळवता खुणेने मला जवळ बोलावलं आणि भाता माझ्याकडे दिला. तिचा एक हात पट्ट्यांवर, दुसरा हवेत, त्यामुळे हवा देणारं माणूस त्यांना हवंच होतं. मी भाता हलवू लागलो. धक्के नकोत, ती म्हणाली, एकसारखं. मी दात ओठ खाऊन एकसारखं हलवलं. सुरी रीडवर फिरली. तिचा हात हळू झाला, अजून हळू, आणि हवेत स्थिर राहिला. चाचांनी सुरी खाली ठेवली. त्या बारीक, स्वच्छ सुरातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि तरी तो त्यांनीच लावला होता. माझे हात आपोआप थांबले.

"हवा," चाचा म्हणाले. ते पुढच्या रीडकडे वळले होते.