परत आलेल्या थैल्या

भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचा सारखाच छळ करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, ही लग्नात माझी झालेली सगळ्यात मोठी फसवणूक. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी दादा म्हणायचो. एरवी काय म्हणालो असतो ते सांगत नाही. दादांचं वैर पन्नीशी. बाजारात कोणाच्याही हातात प्लास्टिकची पन्नी दिसली की ओळख असो नसो, "काऊन गा, घरी थैली नाई का?" म्हणत त्याची वांगी आपल्या कापडी थैलीत ओतणार आणि ती थैली त्यालाच देऊन टाकणार. केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर एका अनोळखी बाईच्या प्रसादाचे लाडू असेच ओतताना फोडले. एकदा जामच्या फाट्यावर बस बदलताना समोशाची चटणी पन्नीत बांधून घेणार नाही म्हणून ती तळहातावर घेतली, आणि नेमकी तेव्हाच वर्ध्याची बस आली. घरापर्यंत हात तसाच आडवा! तिकिटाचे पैसे कंडक्टरनं यांच्या खिशातून काढून घेतले. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतो.

थैल्या शिवायची ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. दादा जुने कपडे कापायचे, ताई मशीन चालवायची, आणि कापडाच्या एकेका तुकड्यावरून दोघं भांडायची. फुकट वाटलेल्या त्या ढीगभर थैल्यांतली एकही कधी परत आली नाही. कोणी तिचा पोछा केला, कोणी स्कूटरच्या सीटवर चढवली, आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी पन्नी झुलवत बाजारातून घरी. दादा चिडले की ताई म्हणायची, "लोकं घेऊन तर राह्यले ना! आणखी काय पायजे तुमाले?"

मागल्या वर्षी ताई गेली. आमच्याकडे तेराव्या दिवशी, तेरवीला, बायको गेलेल्या माणसाला नातेवाईक खांद्यावर टाकायचे दुपट्टे देतात. दादांकडे चाळीस जमले, त्यांत एक माझा. त्यानंतर महिनाभर दादा बाहेर दिसलेच नाहीत, नुसता मशीनीचा आवाज यायचा. मग एका सकाळी त्यांनी मोहल्ल्यात आणि नात्यात घरोघरी चाळीस थैल्या वाटल्या. शिवण वाकडीतिकडी, एक बंद लांब, एक आखूड. माझ्या हातात आली ती मी दिलेल्याच दुपट्ट्याची थैली. म्हणाले, "तिच्याच मशीनीवर शिवली, बाप्पा. बाजारात नेत जाजो. तिचं काम चालू राह्यलं पायजे."

कापड कुठलं, हे कळायला एक दुपार पुरली. तेरवीचं! जन्मात कधी थैली परत न करणारे लोक त्या संध्याकाळी एकदम प्रामाणिक झाले. कोणी ओट्यावर ठेवली, कोणी कुंपणावरून आत टाकली. बोलायला एकही थांबला नाही. आणि आम्ही? सांगायला लाज वाटते. आमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बायको रडत म्हणाली, "माह्याच बहिणीची हाय, पण घरात नोका ठेवू." सख्खी बहीण! पण तिला काय बोलू, थैली घेऊन निघालो तो मीच. फाटकाला अडकवली. आत दादा मशीनीपाशी बसलेले दिसत होते, तरी हाक न मारता वळलो.

लग्न थाटात झालं. दादा आले, जेवले, थैलीबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परवा भाजीबाजारात भेटले. हातात पन्नी, पन्नीत टमाटर. माझं डोकंच फिरलं. एवढ्या गर्दीत मी ओरडलो, "काऊन दादा, घरी थैली नाई का?"

"हायेत ना. चाळीस हायेत," ते म्हणाले, आणि पन्नीला गाठ मारून चालू लागले.

"माही मले वापस द्या ना दादा," मी मागून म्हणालो. दादा थांबले नाहीत. बाजारात गलका होता, त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चाललो आहे.