तोफबाईंचा चष्मा

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बाईंनी सहज खाली फाटकाकडे पाहिलं आणि टॉवेल हातातच राहिला. "अगं बाई, ही तर भिंगरी!" फाटकातून येणारी बाई चांगली तिशी ओलांडलेली. केस कापलेले, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. शाळा सोडून पंधरा वर्षं झालेली मुलगी दोन मजल्यांवरून कोण ओळखेल? बाईंनी ओळखली आणि वरूनच हाक मारली. चालच तशी, चार पावलं सरळ टाकली की पाचवं उडीचं.

बाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, सलग अठ्ठावीस वर्षं. आवाज असा, की तळमजल्यावरून "कोण आहे तिकडे?" म्हटलं तर तिसऱ्या मजल्यावरची कुजबुज जागच्या जागी थिजायची. मुली पाठीमागे त्यांना तोफ म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. सलत होतं ते वेगळंच. निवृत्तीला दहा वर्षं झाली, पण एक मुलगी म्हणून कधी भेटायला आली नाही. मुली गणिताच्या बाईंकडे जातात, ग्रंथपालांकडेही जातात. तोफेच्या तोंडी स्वतःहून कोण जाणार?

आणि आज आली ती कोण, तर भिंगरी! वसतिगृहाच्या इतिहासातली एक नंबरची उपद्व्यापी. हे नावही बाईंनीच ठेवलेलं, कारण ती एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही.

बाईंची धाकटी बहीण त्यांच्याचकडे राहायची. तिने चहा आणला, बिस्किटं आणली आणि पाहुणीसमोर ठाण मांडून बसली. भिंगरीने एक अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं आणि म्हणाली, "बाई, मी व्हिडिओ गेम बनवलाय. आणि त्यात तुम्ही आहात."

"ताई? गेममध्ये?" धाकटीचे डोळे चमकले. "शेवटी मरते का?"

"नाही हो मावशी. बाई पकडतात. बाकीच्यांनी सटकायचं."

गेम असा होता. एक वसतिगृह. गच्ची, ग्रंथालय, स्वयंपाकघर, बाग, मैदान, सगळीकडे मोकळीक. खेळणारा तिथला विद्यार्थी. ठरलेली वाट नाही, ठरलेला क्रम नाही. हवं तिथे जा, हवी ती खोडी काढ. ग्रंथालयात मांजर सोड, नाहीतर मुख्याध्यापकांच्या खुर्चीची चाकं काढ. आड येणार फक्त रेक्टर. गेम सुरू झाला की पहिल्या पडद्यावर ठळक अक्षरांत एकच वाक्य यायचं: "मला बाईंनी एकदाही पकडलं नाही."

"हे मात्र शंभर टक्के खरं हं, बाई," भिंगरी ताठ बसून म्हणाली. "सात वर्षं तुमच्या हातावर तुरी दिल्या मी. आयुष्यात एवढं एकच धड जमलंय मला."

बाईंनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

अडचण पुढे होती. मागच्या शुक्रवारी बारा मुलांना खेळून बघायला बोलावलं होतं. वीस मिनिटांत नऊ जणांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि घरी जायचं म्हणून मागे लागली. कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, की येत्या शुक्रवारी दुसरी बारा मुलं येतील, आणि तीही अशीच उठली तर गेम बंद. भिंगरीची चार वर्षांची मेहनत पाण्यात.

"रेक्टर खोटी वाटत असेल, म्हणून कंटाळत असतील," भिंगरी म्हणाली. "तुम्ही या ना, बाई. तुमची चाल बघू, तुमचा आवाज घेऊ. तुम्ही आलात की काम फत्ते."

बाईंनी थोडे आढेवेढे घेतले. तसे ते घ्यायचेच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या इस्त्रीचे कपडे घालून हजर.

ऑफिस म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सहा टेबलं, जमिनीवर वायरींचा गुंता, कोपऱ्यात कुंडी, आणि कुंडीतलं झाड केव्हाच राम म्हणालेलं. खालून शिवणयंत्राची घरघर अखंड चालू. रेक्टरचा मेंदू ज्याने लिहिला होता तो दाढीवाला तरुण अदबीने उठून उभा राहिला. त्याच्या दाढीत बिस्किटाचा चुरा होता. बाईंनी नुसतं पाहिलं, तशी त्याने दाढी झटकली.

भिंतीवर मोठा पडदा होता. बाईंनी चष्मा काढून दोरीवर छातीशी सोडला आणि पाहू लागल्या. करड्या स्वेटरमधली एक रुंद बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन व्हरांड्यातून चाललेली.

"मी एवढी जाड होते?"

"होतात त्याहून जास्तच," भिंगरी म्हणाली. "आम्ही जरा सभ्यता पाळली."

पडद्यावरच्या रेक्टरच्या डोळ्यांपुढे एक पिवळा पंखा पसरलेला होता. दाढीवाल्याने समजावलं, की हा फक्त आपल्याला दिसतो, खेळणाऱ्यांना नाही. पंख्यात जे आलं ते रेक्टरला दिसलं. जिकडे रेक्टर, तिकडे पंखा.

बाईंनी कंट्रोलर हातात घेतला. पहिल्यांदा त्या भिंतीवर आपटत राहिल्या, मग जमलं. दबकत दबकत जिन्यापर्यंत गेल्या आणि पकडल्या गेल्या. परत गेल्या, परत पकडल्या गेल्या. चौथ्यांदा पकडल्या गेल्यावर त्यांनी कंट्रोलर टेबलावर आपटला.

"ही बाई कधी श्वास तरी घेते का रे?"

"एकही चूक करत नाही," दाढीवाला अभिमानाने म्हणाला.

"मग तिला पगार कशाला? कुलूप लावा ना त्यापेक्षा!"

मुलं का उठून जातात, ते बाईंना तिथल्या तिथे कळलं होतं. पण तोंडून एक शब्द काढेनात. आवाज दिला, चालून दाखवलं आणि घरी आल्या त्या मान खाली घालून.

धाकटीने बरोबर ओळखलं. "काय झालंय, ताई? चेहरा का उतरलाय एवढा?"

मग बाईंनी बहिणीला ते सांगितलं, जे अठ्ठावीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी जेवणानंतर मुलींना सक्तीची विश्रांती असायची. त्या वेळात बाई फेरी मारत. जिन्याच्या वळणावर आल्या की थांबायच्या, चष्मा काढायच्या आणि स्वेटरच्या टोकाने पुसायच्या. मनात एक ते अकरा आकडे मोजायच्या. अकरा आकड्यांत मुलगी अंथरुणातून गच्चीच्या जिन्यापर्यंत पोहोचते, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. चष्मा काढला की तोफ ठार आंधळी, अशी मुलींची पक्की समजूत. चष्मा लागण्याआधीच्या वर्षांत बाई त्याच वळणावर बुटाची नाडी बांधायच्या.

"म्हणजे तू मुद्दाम सोडायचीस त्यांना?" धाकटीने कपाळावर हात मारला. "आणि आम्हाला मात्र लहानपणी एकदा म्हणून सोडलं नाहीस!"

"तुम्हाला काय धाड भरली होती? तुम्ही आईजवळ होतात."

"मग सांग ना त्या पोरीला. रेक्टरला अकरा आकडे थांबवा म्हणावं, संपलं."

"आणि ती सात वर्षं मला फसवत नव्हती, मीच तिला जाऊ देत होते, हेही सांगू? एवढं एकच धड जमलंय म्हणते ती. चार वर्षांचा गेम वाचवायचा आणि जन्माची ऐट काढून घ्यायची? माझ्याच्याने नाही व्हायचं."

"नाही सांगितलंस तर गेमही जाईल."

"तेच तर!" बाई ओरडल्या. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

दोन दिवस बाईंना अन्न गोड लागेना. सोमवारी त्या पुन्हा ऑफिसात गेल्या आणि उभ्या आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. खोटं बोलल्या. तेही साफ.

"एक राहिलंच बघ सांगायचं. दुपारी स्वयंपाकघराजवळून वर येताना माझ्या चष्म्यावर वाफ धरायची. जिन्याच्या वळणावर थांबून पुसावा लागायचा. आणि चष्म्याशिवाय मला ढिम्म दिसत नाही. तेवढं घालून बघा."

भिंगरी हळूच म्हणाली, "ते मला आठवत होतं, बाई. सगळ्या मुली त्यावरच तर टपलेल्या असायच्या. मी मुद्दामच घातलं नाही गेममध्ये."

"का?"

"तुमच्या अधूपणावर हसल्यासारखं झालं असतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं ना."

ही पोर बाईंची लाज राखायला आपला गेम बुडवायला निघाली होती! बाई म्हणाल्या, "मला काही वाईट वाटत नाही. घाला."

दाढीवाल्याने बाईंचा चष्मा मागून घेतला, तो पुसायचा कसा ते दहा वेळा करून घेतलं आणि कामाला लागला. रेक्टर वळणावर थांबते, चष्मा काढते, पिवळा पंखा मिटतो. अकरा आकडे, आणि पंखा पुन्हा उघडतो.

शुक्रवारी बारा मुलं आली. बाई मागच्या खुर्चीत, हातात हात घट्ट धरून. पहिली पाच मिनिटं सगळी पकडली गेली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात वेणीवाली एक मुलगी खुर्चीतून अर्धी उठून किंचाळली, "चष्मा! तिने चष्मा काढला! पळा!"

मग काय विचारता! कुणी गच्ची गाठली, कुणी स्वयंपाकघरात घुसलं, एकाने मांजर थेट ग्रंथालयात नेऊन सोडलं. खिदळणं, आरडाओरडा, एकमेकांना खाणाखुणा. अर्धा तास झाला, तास झाला, न्यायला आलेले आईबाप दारात ताटकळले, तरी एकही मूल कंट्रोलर सोडेना. साहेब निघताना भिंगरीच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "करू या पुरा." भिंगरीने खोलीतल्या खोलीत तीन गिरक्या घेतल्या आणि वायरीत अडकून पडली.

सगळे गेल्यावर एक कागद राहिला होता. आवाज वापरायला हरकत नाही, असं बाईंनी लिहून द्यायचं होतं. बाईंनी छातीशी चाचपलं. चष्मा दाढीवाल्याच्या टेबलावरच होता. भिंगरीने तो उचलला, स्वतःच्या नाकावर चढवला, गाल फुगवले आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट रोखून ओरडली, "कोण आहे तिकडे?"

दाढीवाला हसला. भिंगरी हसली नाही. पडदा तिला धुरकट दिसत होता. तिने खाली कागदाकडे पाहिलं. अक्षरं मोठी, ठसठशीत. चष्मा काढला, पडदा स्वच्छ. घातला, धुरकट. तिच्या वडिलांकडेही अस्साच होता, वर्तमानपत्र वाचायचा.

"बाई, हा तर जवळचा चष्मा आहे."

"हं."

"लांबचं तुम्हाला याच्याशिवायच दिसतं. त्या दिवशी गॅलरीतून तुम्ही मला…" तिने चष्मा उलटसुलट करून पाहिला. "वसतिगृहात असतानाही हाच होता?"

"नंबर थोडा वाढलाय."

दाढीवाला आपल्याच हिशेबात म्हणाला, "म्हणजे चष्मा काढल्यावर पंखा मिटायला नको. मोठा व्हायला हवा."

"तू गप रे!" भिंगरी बाईंपुढे जमिनीवरच बसली. "ग्रंथालयातलं मांजर दिसलं होतं तुम्हाला?"

"पांढरं होतं. उजवा कान काळा."

"आणि घंटेचा हातोडा पळवला तो?"

"डाव्या बाहीत होता. दांडा बाहेर आला होता."

"मग पकडलं का नाहीत मला?" भिंगरीचा आवाज फुटला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "नऊ वर्षांची होतीस. आल्यापासून महिनाभर उशीत तोंड खुपसून रडत होतीस. ताट तसंच परत जायचं. मला रात्र रात्र घोर लागायचा तुझा. ज्या दुपारी तू हातोडा पळवलास, त्या संध्याकाळी तीनदा वाढून घेतलंस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. इतकं बरं वाटलं मला! मग काय हातोडा परत मागायला येऊ?"

भिंगरी बाहीने नाक पुसत राहिली, थेट नऊ वर्षांच्या मुलीसारखी. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्या पडद्यावरचं वाक्य खोटं आहे. काढून टाकते."

"खबरदार!"

खाली शिंप्याचं यंत्र खट्कन थांबलं.

"एकदा तरी पकडलं का मी तुला?"

"नाही."

"मग राहू दे ते वाक्य. आण तो कागद इकडे."

बाईंनी चष्मा लावून सही केली. दाढीवाल्याने विचारलं, "मग पंख्याचं काय करू? मोठा करू?"

"मिटलेलाच ठेव," भिंगरी म्हणाली. "आणि मुलांना काही सांगायचं नाही."