कोंडलेला सुलभक

ऑनलाइन शिक्षणातला एक प्रभावी सुलभक म्हणून रायपूरच्या मराठी मंडळींत माझं नाव झालं, ते मी माझ्याच बेडरूममध्ये कोंडला गेलो त्या दिवशी!

तसा मी शिक्षक नव्हे. रेल्वेच्या ऑफिसात सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झालो. पण निवृत्त माणूस रिकामा बसलेला दिसला की आमच्या मंडळाच्या लोकांना राहवत नाही. अध्यक्ष भाऊसाहेब घरी आले, दोनदा चहा प्याले आणि म्हणाले, "टेंभेकर, आपली पोट्टी मराठी विसरून राहिली. आपण मराठीत विचारतो, ते हिंदीत जवाब देतात. तुम्ही रविवारी ऑनलाइन वर्ग घ्या. कोणी भनपुरीले राहते, कोणी पुरानी बस्तीत. एका जागी आणणार कोण त्यांना?"

मी ताबडतोब हो म्हणालो. (मोबाईलवर मला तेव्हा फक्त आलेला फोन उचलता येत होता. तोही दर वेळी नाही.)

आमची मुलगी रश्मी बिलासपूरला असते. शिक्षकांना ऑनलाइन शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण देणं हेच तिचं काम. ती फोनवर म्हणाली, "बाबा, नीट ऐका. तुम्ही मास्तर व्हायचं नाही, सुलभक व्हायचं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे स्वतः कमी बोलायचं, मुलांना बोलू द्यायचं. सारख्या चुका काढायच्या नाहीत. एखादा खरा प्रश्न समोर ठेवायचा आणि तो त्यांचा त्यांना सोडवू द्यायचा."

फोन स्पीकरवर होता. माझ्या बायकोचं नाव सुलभा. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून गं, सुलभक हे माझ्या नावावरून काढलं का? मंग यांच्यानं नाही होत. कमी बोलायचं आहे त्यात!"

मी रश्मीचं सगळं मान्य केलं आणि पहिल्याच वर्गात मराठीच्या शुद्धतेवर पाऊण तास बोललो. शेवटी नियम घातला: वर्गात हिंदी शब्द तोंडातून निघाला, की बेचा पाढा म्हणायचा. मराठीतून, अख्खा!

परिणाम चोख झाला. मुलांनी हिंदी बोलणं बंद केलं. मराठीही बंद केलं. दुसऱ्या रविवारी तर त्यांनी कॅमेरेही बंद केले. मी ओरडायचो, "कॅमेरा लावा, कॅमेरा!" तर उत्तर यायचं, "सर, नेटवर्क!" मग मी काळ्या चौकोनांशी बोलायचो. ईशा नावाची एक मुलगी होती. तिने एकदाच तोंड उघडलं होतं, "मले समजलं सर." मी म्हणालो, "मले नव्हे बाळ, मला!" त्यानंतर ईशा हे फक्त चौकोनावरचं एक नाव उरलं. पुढे चौकोनही कमी कमी होत गेले. भाऊसाहेबांचा फोन आला, "या रविवारी मी स्वतः येऊन पाहतो. असंच राहिलं तर बंद करू वर्ग. तुमालेही कशाला तरास!"

मला झोंबलं. नोकरीत माझ्या टेबलावरची एक फाईल कधी बंद पडली नाही, आणि आता वर्ग बंद पडणार?

त्या रविवारी सकाळी सुलभा सदर बाजारात निघाली. पायातली जोडवी घट्ट झाली होती, ती सोनाराकडून सैल करून आणायची होती. तिचा मोबाईल फ्रिजवर चार्जिंगला लावलेला, आणि तो तसाच ठेवून ती चाललेली.

"कुकर लावून चालली. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. ऐकून राहिले ना जी?"

"हो हो."

"काय म्हटलं मी?"

"गॅस बंद."

"कधी?"

"अगं, जा ना तू!"

ती गेली. मी बेडरूममध्ये मोबाईल टेबलावर उभा केला आणि दाराला आतून कडी घातली. (मागच्या रविवारी मी काव्यातला करुण रस समजावत असताना सुलभा मेथीची जुडी घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आली होती, "हे निवडून देता का?") आज अध्यक्ष येणार होते. कोणताही धोका नको!

वर्ग सुरू झाला. मी विशेषणावर आलो आणि पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा मी म्हणालो, "मुलांनो, एक मिनिट हं." उठलो, कडी सरकवली, दार ओढलं. दार हललं नाही. जोरात ओढलं. तरी नाही. पावसाळ्याचे दिवस, लाकूड फुगलं असणार! मी पाय भिंतीला लावला आणि जीव खाऊन ओढलं. दाराची मूठ माझ्या हातात आली. दार जिथल्या तिथे!

"अरे यार, ये दरवाज़ा तो फँस गया!" मी ओरडलो.

मग एका काळ्या चौकोनातून आवाज आला. वेदांतचा.

"सर, हिंदी!"

"अरे, इथे मी कोंडला गेलो आहे!"

"पण सर, नियम!" दुसरा चौकोन बोलला. हा तन्मय. "बेचा पाढा!"

"पाढा! पाढा!" सगळीकडून सुरू झालं.

आता काय करता? नियम माझाच. हातात मूठ घेऊन मी उभ्या उभ्या सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..." आणि कुकरने शिट्टी मारली.

"सर, ही चौथी!" तन्मय म्हणाला.

"बे चोक आठ, बे पंचे दहा..."

"पाँचवीं!"

"तन्मय, पाँचवीं नाही, पाचवी! आता तुझाही पाढा!" वेदांत किंचाळला.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी मी इतके रविवार घसा कोरडा केला होता. कॅमेरे एकामागून एक उघडले! माझी फजिती नीट दिसावी म्हणून उघडले, हे खरं, पण उघडले. वेदांतला चष्मा आहे हे मला त्या दिवशी कळलं. तन्मय इतके रविवार पलंगावर लोळून मराठी शिकत होता, हेही कळलं.

"सर, काकूंना फोन करा!"

"तिचा फोन फ्रिजवर आहे. आणि मोबाईलवरच्या या वर्गातून बाहेर पडून फोन कसा लावायचा, ते मला येत नाही रे!"

"सर, खिडकीतून कोणाला आवाज द्या!"

दिला. खिडकी मागच्या मोकळ्या प्लॉटवर उघडते. तिथे एक गाय होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

नेमक्या त्याच वेळी एक नवा चौकोन उगवला. त्यात छताचा पंखा दिसत होता आणि खाली नाव होतं, भाऊसाहेब.

मी मूठ पाठीमागे लपवली आणि हसण्याचा प्रयत्न केला. पण मुलांना अध्यक्षांशी काय घेणंदेणं?

"सर, गॅस कुठे आहे?"

"किचनमध्ये."

"किचन नाही सर, स्वयंपाकघर!"

"सर, दार खोलायला पेचकस पाहिजे. पेचकसला मराठीत काय म्हणतात?"

"स्क्रूड्रायव्हर!" मी म्हणालो.

"ते तर इंग्लिश झालं!"

यावर तिघांचं भांडण लागलं. मराठीतून! कुकर शिट्ट्या मारत होता, मुलं मोजत होती. एकाने "नौ" म्हटलं तर बाकीच्यांनी "नऊ! नऊ!" करून त्याला सोलून काढला.

आणि मग शिट्ट्या थांबल्या. एकदम. दाराच्या फटीतून करपल्याचा वास यायला लागला. मी पलंगावर बसलो, अध्यक्ष ऐकत आहेत हेही विसरलो आणि म्हणालो, "बाळांनो, मले काही सुचून नाही राहिलं."

"मले" कोणीच धरलं नाही. पाढाही कोणी मागितला नाही. एका चौकोनात दोन वेण्या घातलेली एक मुलगी दिसली. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच.

"सर, तुम्ही घाबरू नका जी," ईशा म्हणाली. "मोबाईल उचला आणि दाराकडे करा. आमाले दाखवा."

मी दाखवलं.

"खालून वर न्या. हळू. अजून वर... थांबा!"

"काय झालं?"

ईशाने हसू दाबायचा फार प्रयत्न केला. "सर, वरची कडी लागून आहे ना."

मी वर पाहिलं. होती. अध्यक्ष येणार म्हणून मी स्वतःच, स्वतःच्या हाताने, दोन्ही कड्या घातल्या होत्या!

कडी काढली, पळालो, गॅस बंद केला. मोबाईल हातातच होता. मुलं ओरडली, "सर, डाळ दाखवा!" कुकर निवल्यावर झाकण उघडून दाखवलं. आत डांबर होतं. त्यावर विशेषणं मागितली तर धडाधड आली: काळंकुट्ट, करपट, भयंकर, बेकार. ईशाने सांगितलं, "बिच्चारं." वर्गाची वेळ केव्हाच संपली होती, पण उठायला कोणी तयार नव्हतं.

तेवढ्यात सुलभा आली. दारातूनच तिला वास आला.

"अगं बाई! हे काय करून ठेवलं जी? घरात माणूस होता की नाही?"

"होते ना काकू!" मोबाईलमधून एका सुरात आलं. "कोंडले होते!"

सुलभा आधी दचकली, मग माझ्या हातातून मोबाईल घेऊन तिने सगळी हकीकत मुलांकडून ऐकली. मुलांनी ती तिखटमीठ लावून सांगितली आणि एकानेही हिंदी शब्द वापरला नाही. ती इतकी हसली की तिला खुर्ची घ्यावी लागली. मला मात्र वाटत होतं, भाऊसाहेबांनी सगळं पाहिलं. आपला वर्ग संपला.

दुपारी त्यांचा फोन आलाच.

"टेंभेकर, मानलं तुमाले! मी तर वर्ग बंद करायचं ठरवूनच बसलो होतो. पण काय बोलून राहिली होती पोट्टी! अडचण त्यांच्यासमोर टाकली आणि सोडवू दिली त्यांनाच. ही कोंडून घ्यायची युक्ती सुचली कशी?"

"भाऊसाहेब, ते खरं म्हणजे..."

"लाजू नका जी! पुढच्या महिन्यात मंडळाच्या बाकीच्या वर्गांच्या शिक्षकांनाही तुम्हीच शिकवा. आणि एक सांगू? ते बावळट माणसाचं काम तुम्ही इतकं सहज केलं, इतकं सहज, की अभिनय वाटलाच नाही. फार तयारी केली असेल?"

"नाही," मी अगदी खरं ते सांगितलं. "त्याला मला तयारी लागत नाही."